सतरा जागांचं नाव

वाइलुंगा गावातल्या दोन कुटुंबांमध्ये एका मेलेल्या माणसावरून भांडण लागलं आहे, असा निरोप फुआतिनोला सोमवारी सकाळी आला. तो आणला पेनिआमिनाने. पेनिआमिना रेडिओवर गावोगावच्या याद्या वाचायचा, आणि कुठल्याही भांडणाची बातमी त्याच्या तोंडी असली की ती थोडी फुगलेलीच असायची. पण या वेळी त्याचा चेहरा जरा उतरलेला होता.

फुआतिनो सामोआच्या राजधानीत, आपिआत, रेडिओ केंद्राच्या मागच्या बैठ्या इमारतीत बसायची. तिथे जुन्या ध्वनिफितींचा संग्रह होता. एकोणीसशे एकाहत्तरच्या सुमारास एक शाळामास्तर खांद्याला रेकॉर्डर अडकवून दोन्ही बेटं पालथी घालत फिरले होते. कुणाकडून वाऱ्यांची नावं, कुणाकडून होडीची दोरी कशी वळायची ते, कुणाकडून आजीच्या गोष्टी, असं सगळं त्यांनी भरून आणलं होतं. त्या फितींची यादी संगणकात घालायचं काम फुआतिनो सात वर्षं करत होती. एकेका गावाची यादी पुरी झाली की ती कागदावर छापायची आणि पेनिआमिना ती संध्याकाळच्या बातम्यांनंतर वाचायचा: या या माणसांचे आवाज आमच्याकडे आहेत, घरच्यांनी येऊन ऐकावेत.

वाइलुंगाची यादी आठवड्यापूर्वी वाचली गेली होती. तीत एक नाव होतं मातांगिआलोफी ताउइनाओला. वाइलुंगातल्या एका कुटुंबाने ताबडतोब सांगितलं की हा आमच्या आजोबांचा चुलत भाऊ. दुसऱ्या कुटुंबाने सांगितलं की तो आमचा, आणि होडीसकट बेपत्ता झालेला तोच. दोन्हीकडचे लोक मानाच्या चटया आणि शिजवलेले तारोचे कंद घेऊन सभागृहात बसले. गावाच्या वतीने बोलणारे वक्ते ओलोमाता यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मग आपिआला विचारून पाठवलं: हा माणूस नक्की कोण? कारण आमच्या गावात या नावाचा माणूस कधी जन्मालाच आलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

“तू वाचलंस तेच यादीत होतं ना?” फुआतिनोने विचारलं.

पेनिआमिनाने डोकं खाजवलं. कागदावर ‘ताउइन’ एवढंच होतं, असं तो म्हणाला. ताउइनाओला हे नाव ऐकून माहीत होतं, म्हणून पुढचं त्याने आपल्या मनाने पुरं केलं. “आता तूच सांग, पोरी, ‘न’ वर संपणारं नाव रेडिओवर कसं वाचू? लोक हसले असते.”

त्याचं बरोबर होतं. सामोअन भाषेत शब्द स्वरावरच संपतो. बोलताना शेवटचा स्वर कुणी गिळला तरी लिहिताना तो असतोच. फुआतिनोने छापलेला कागद काढला आणि पाहिलं. ‘मातांगिआलोफी ताउइन’. शेवट जणू सुरीने कापल्यासारखा. सात वर्षांत तिने हजारो नावं घातली होती, आणि असं नाव आपल्या हातून गेलं याची तिला लाज वाटली. लाजेपेक्षा कुतूहल जास्त वाटलं, कारण कागदावर आणखी एक गोष्ट विचित्र होती. यादी अक्षरांच्या क्रमाने होती. ‘म’ची नावं वर, पाचव्या ओळीपासून होती. आणि हे ‘म’चं नाव खाली, पार ‘त’च्या नावांमध्ये, तावुई आणि तेआलोफा यांच्या मध्ये उभं होतं.

तिने संगणकावर तीच यादी उघडली. तिथे मातांगिआलोफी ‘म’मध्येच होता, आपल्या जागी, शहाण्यासारखा. नाव मात्र तिथेही कापलेलंच.

आधी तिने सोपा मार्ग धरला. मास्तरांची वही काढायला गेली. प्रत्येक गावाची एक वही होती आणि बोलणाऱ्याचं नाव मास्तर वहीत लिहायचे, फितीवर नुसता आकडा. पण वाइलुंगाची वही गेल्या पावसाळ्यात कपाटात पाणी गळून लगदा झालेली. नावं संगणकात चढवून झाली होती म्हणून कुणी हळहळलंही नव्हतं. संगणकाची राखीव प्रत दर शुक्रवारी जुनी पुसून नवी केली जायची, आणि मध्ये एक शुक्रवार गेला होता. म्हणजे खरं नाव कुठेच नव्हतं. फीत तेवढी होती. तिने ती लावली. एक तरुण बाई पालोलोबद्दल बोलत होती. वर्षातून एकदा, पहाटे, समुद्राच्या तळातून वर येणाऱ्या त्या हिरव्या किड्यांबद्दल, ज्यांच्यासाठी अख्खं गाव जाळी घेऊन पाण्यात उतरतं. बाई हसत होती, भरभर बोलत होती आणि स्वतःचं नाव कुठेही सांगत नव्हती.

बाई. म्हणजे मातांगिआलोफी कुणीही असो, हा आवाज त्याचा नव्हे. मग फुआतिनोच्या डोक्यात आलं की हे नाव आपण कुठेतरी पाहिलं आहे. शोधलं तर सापडलंच: फालेलुआ गावच्या यादीत, पहिल्याच ओळीला, मातांगिआलोफी ताउइनाओला, होडी बांधणारा. पुरं नाव, नीट. फालेलुआची यादी तिने वाइलुंगानंतर लगेच हातात घेतली होती.

तिने सेतेफानोला फोन लावला.

ही नावं सांभाळणारी सगळी यंत्रणा सेतेफानोने लिहिली होती. पाच वर्षांपूर्वी तो याच इमारतीत, तिच्या समोरच्या टेबलावर बसायचा. संग्रहाकडे तेव्हा एकच संगणक होता, तोही कुणीतरी टाकून दिलेला, आणि त्याची मेमरी इतकी तोकडी की बाजारात मिळणारं कुठलंही सॉफ्टवेअर त्यावर गुदमरायचं. सेतेफानोने स्वतःच सगळं लिहिलं, एकेक जागा वाचवून. आता तो ब्रिस्बेनला होता. आपल्या त्या कामाबद्दल त्याला अजून अभिमान होता. त्यात चूक आहे असं सांगणं म्हणजे त्याच्या मुलाला दुसऱ्याच्या बागेत चोरी करताना पकडल्यासारखं.

“प्रिंटरने शेवट खाल्ला असेल,” तो म्हणाला.

“प्रिंटरने खाऊन दुसऱ्या गावच्या माणसाचं नाव ओकलं?”

मग तिने त्याला सांगितलं की तुझी ती नावं ठेवायची पेटी मला पुन्हा एकदा समजावून सांग, सावकाश. पूर्वी त्याने सांगितलं होतं तेव्हा तिने मान डोलावली होती, पण लक्ष जेवणाकडे होतं.

सेतेफानो खुशीत आला. नावांची अडचण अशी, तो म्हणाला, की कुणाचं चार अक्षरांचं असतं आणि कुणाचं चाळीस. सगळ्यांना चाळीस जागा द्याव्यात तर मेमरी रिकाम्या जागांनीच भरते. नावं एकाला एक चिकटवून ठेवावीत तर शंभरावं नाव शोधायला आधीची नव्व्याण्णव चाळावी लागतात. म्हणून मी प्रत्येक नावाला एक सारखी पेटी दिली, सोळा जागांची. पहिल्या चार जागांत नावाची लांबी. उरलेल्या बारा. नाव बारा जागांत मावलं तर ते पेटीतच बसतं आणि विषय संपला. नाही मावलं तर? तर अख्खं नाव दुसरीकडे फळीवर ठेवायचं. पेटीत लांबीनंतरच्या चार जागांत त्याची सुरुवात लिहायची, आणि शेवटच्या आठ जागांत ते कुठल्या फळीवर, कितव्या जागेपासून आहे त्याचा पत्ता.

“सुरुवात कशाला? पत्ता आहे ना?”

“फळीपर्यंत जायला वेळ लागतो. दोन नावांत पुढचं कोण, मागचं कोण, हे बहुतेक वेळा नावाच्या पहिल्या चार जागांवरूनच कळतं. मग उगाच फळीवर कशाला जायचं? यादी लावताना मी पेटीतच बघतो.”

फुआतिनोचा हात कागदावर तसाच राहिला. म्हणजे यादी लावली ती पेटीतल्या सुरुवातीवरून, तिने सावकाश विचारलं, आणि छापलं ते फळीवरून?

“हो. अर्थात.”

“मग फळीवर कुणीतरी दुसरंच नाव ठेवलं असेल तर?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सेतेफानो म्हणाला की मी दहा मिनिटांत फोन करतो. फोन चाळीस मिनिटांनी आला आणि त्याच्या आवाजातला अभिमान गेला होता, पण त्या जागी जे आलं होतं ते तिला जास्त आवडलं. तो एखाद्या कोड्यात अडकलेल्या शाळकरी मुलासारखा धापा टाकत बोलत होता. फळ्या दोन प्रकारच्या होत्या. एक कायमची, तिच्यावरचं काही हलत नाही. दुसरी तात्पुरती, चालू कामापुरती. नवीन गावाची यादी उघडली की तात्पुरती फळी पुसून तिच्यावर पहिल्यापासून लिहायला सुरुवात. पुसण्याआधी तिच्यावरची नावं कायमच्या फळीवर हलवायची, असा नियम त्याने केला होता. पण एखादं जुनं नाव कुणी दुरुस्त केलं, आणि दुरुस्त नाव आधीच्यापेक्षा लांब झालं, तर ते तात्पुरत्या फळीवर जायचं आणि हलवायच्या यादीत त्याची नोंदच व्हायची नाही. ते तो विसरला होता.

“तू त्या गावातलं काही दुरुस्त केलं होतंस का?”

तिने केलं होतं. ती रोजच करायची. तिच्या आधी ज्यांनी नावं चढवली त्यांनी घशात अडकणाऱ्या उच्चाराची खूण, उलटा कोमा म्हणजे वर लिहायचा उलटा स्वल्पविराम, इंग्रजी कळफलकावरच्या साध्या उभ्या खुणेने भागवली होती. फुआतिनोला ते खपायचं नाही. ‘ताआ’ वेगळं आणि ‘ता’आ’ वेगळं. ती एकेक खूण काढून तिथे खरा उलटा कोमा घालत होती.

आणि साधी खूण मेमरीत एक जागा घेते, सेतेफानो म्हणाला. खरा कोमा दोन.

म्हणजे तिने नावाची काळजी घेतली, नाव एका जागेने लांबलं, तात्पुरत्या फळीवर गेलं; मग तिने फालेलुआची यादी उघडली, फळी पुसली गेली आणि त्याच जागेवर होडी बांधणारा मातांगिआलोफी येऊन बसला. वाइलुंगाची यादी त्यानंतर छापली. पेटीने आपली लांबी पाळली, बरोबर तेवढ्याच जागा फळीवरून उचलल्या, आणि मातांगिआलोफीच्या नावाचा शेपटीकडचा तुकडा तुटला. नंतर जतन करताना तोच तुकडा खरा म्हणून कायमचा लिहिला गेला.

फुआतिनोने ‘मातांगिआलोफी ताउइन’च्या जागा मोजल्या, सामोअन लिहितात तशा रोमन अक्षरांत, ‘ंग’लाही एकच अक्षर धरून. मधली मोकळी जागा धरून सतरा.

“मग माझ्या बाईचं नाव सतरा जागांचं आहे,” ती म्हणाली.

“आणि तावुई आणि तेआलोफाच्या मध्ये बसणारं.”

दोघेही आपापल्या टोकाला ओठ हलवून मुळाक्षरं म्हणू लागले. ‘ताव’च्या पुढे काय? त्यांच्या बालवाडीतल्या तक्त्यावर सगळी अक्षरं संपल्यावर अगदी शेवटी काय होतं? दोघांना एकदमच आठवलं. तक्त्याच्या टोकाला उलटा कोमा असायचा, आणि संगणकातही त्याचा आकडा सगळ्या अक्षरांच्या वर होता. नाव ‘ता’ आणि लगेच कोमा असं सुरू होत होतं. त, आ, आणि कोम्याच्या दोन: बरोबर चार जागा. पेटीतला तो तुकडा कधीच पुसला गेला होता, पण कागदावरच्या ओळीने त्याची जागा धरून ठेवली होती.

सेतेफानोने त्याच दुपारी नियम दुरुस्त केला. मग त्याने संग्रहातली व्यंजनावर संपणारी सगळी नावं शोधायला सांगितली. आणखी तीन सापडली. त्यांच्या वह्या शाबूत होत्या, तासाभरात ती नीट झाली. राहिली फक्त वाइलुंगाची बाई.

गुरुवारी फुआतिनो बोटीने सावाई’ई बेटावर गेली आणि धक्क्यावरून बसने वाइलुंगाला. फोनवर हे सांगता आलं असतं, पण ज्या गावाला आपण नसलेला पूर्वज दिला, त्या गावासमोर मांडी घालून बसायला हवं असं तिला वाटलं. तिने एक चांगली चटई बरोबर घेतली होती.

ओलोमाता सत्तरीकडे झुकलेले, रुंद, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. सभागृहात खांबाला पाठ टेकून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. भांडणारी दोन्ही कुटुंबं समोरासमोर होती, महिला मंडळ समुद्राच्या बाजूला. फुआतिनोने आधी माफी मागितली. मग शक्य तितकं सोपं करून पेटी आणि फळी सांगितली. तिला वाटलं होतं लोक कंटाळतील. पण ओलोमातांनी तिला दोनदा थांबवलं. एकदा विचारलं की पत्ता लिहिणाऱ्याने फळीवर जाऊन पाहायचं नाही का, माणूस अजून तिथेच राहतो की नाही ते. दुसऱ्यांदा विचारलं की आमच्या कोम्याला यंत्र दोन जागा देतं, हे खरं का.

खरं, ती म्हणाली.

ओलोमाता सगळ्यांकडे वळले. “पापालांगींनी, गोऱ्या लोकांनी, शंभर वर्षं आमची नावं लिहिताना कोमा गाळला. शाळेत गाळला, पासपोर्टावर गाळला. आणि आता त्यांच्याच यंत्रात त्याला दोन माणसांची जागा आहे.” त्यांना हे इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास भांडणाचं नाव कुणी काढलं नाही.

मग तिने फीत ऐकवली. आणि इथे तिची खरी अडचण सुरू झाली, कारण आवाज सगळ्यांनी ओळखला आणि प्रत्येकाने वेगळा. एका कुटुंबाला ती त्यांची आजी वाटली. दुसऱ्याने सांगितलं की ही मातांगिआलोफीची बायको असणार. ज्याचं अस्तित्वच नाही त्याला बायकोही मिळाली, असं महिला मंडळातली एक म्हणाली आणि सभागृह हसलं. तिसऱ्या बाईला ती आपली मावशी वाटली, चौथीला धर्मगुरूंची आई. अठ्ठेचाळीस वर्षांचा काळ, त्यात मास्तरांच्या रेकॉर्डरची चाल थोडी मंद असल्याने फीत आता जलद वाजायची. आवाज बारीक होऊन कुणाचाही होऊ शकत होता.

म्हणून सगळे नावांकडे वळले. ‘ता’ आणि कोमा यांनी सुरू होणाऱ्या नावाची, गावात कधीही राहिलेली बाई. मंडळाने आठ नावं काढली. मोजायला कुणीतरी किनाऱ्यावरचे पांढरे दगड आणले. एक अक्षर एक दगड, मोकळी जागा एक दगड, कोमा दोन दगड. ता’इता’ईचा बापाच्या नावासकट हिशेब चौदावर थांबला. ता’ए नावाच्या बाईला लग्नानंतरचं नाव लावलं तरी तेरा. एक नाव सतरा भरलं तेव्हा सगळे पुढे झुकले, पण ती बाई एकाहत्तर साली चार वर्षांची होती, असं तिच्याच बहिणीने सांगितलं. मग दगड पुन्हा मोजले गेले, वादही झाले. पुढच्या नावांत एकाने कोम्याला एकच दगड लावला तेव्हा ओलोमातांनी त्याला स्वतः दुसरा दगड उचलून दिला.

आठही नावं संपली. फुआतिनोला वाटलं, इथून रिकाम्या हाताने परतावं लागणार. तिने, आणखी कुणी ओळखतं का पाहावं म्हणून, फीत पुन्हा लावली.

तेव्हा वाटेवरून एक म्हातारी आत आली. तिचं गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं आणि ते बंद करून ती आत्ताच येत होती. सगळे तिला लोले म्हणायचे. गोळी हाच त्या शब्दाचा अर्थ, आणि गावातली मुलं तिला दुसऱ्या नावाने ओळखतच नसत. ती मागच्या खांबापाशी बसली आणि पंख्याने वारा घेत ऐकू लागली. फितीतली बाई सांगत होती की पालोलो धरायचा तर पूर्वेकडच्या खडकाच्या खिंडीत जावं, मोसो’ओईची फुलं गळायला लागली की मोजून सातव्या पहाटे.

“बंद कर ते,” लोले म्हणाली. “ती मुलगी खोटं सांगते आहे.”

सगळे तिच्याकडे वळले. पूर्वेच्या खिंडीत पालोलो कधीच येत नाही, हे तर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ऐकताना तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, सगळे आवाज ओळखण्यात गुंतले होते. ती खोटं सांगते आहे हे तुम्हाला कसं माहीत, फुआतिनोने विचारलं. कदाचित तिला ठाऊकच नसेल.

“तिला चांगलं ठाऊक होतं,” लोले म्हणाली. “मास्तरांची बायको पलीकडच्या गावची. त्यांनी खरी जागा विचारली, आणि यांच्या वडिलांनी,” तिने ओलोमातांकडे बोट दाखवलं, “मला डोळ्यांनी खुणावलं की सांगू नकोस. मग मी जे तोंडाला येईल ते ठोकून दिलं. सातवी पहाट म्हणे.”

फुआतिनोने फीत थांबवली. मग तिने जपून विचारलं, “आई, तुमचं जन्माचं नाव काय?”

म्हातारी हसली. ते आता कोण विचारतं, ती म्हणाली. नवरा गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही. “ता’आफुलिसिआ. ता’आफुलिसिआ सेफो.”

महिला मंडळातली ज्येष्ठ बाई खाली वाकली आणि चटईवर दगड मांडू लागली. त. आ. कोम्याचे दोन. आ. सगळे बरोबर ओठ हलवत होते. ‘ता’आफुलिसिआ’पाशी बारा झाले. मोकळ्या जागेचा तेरावा. सेफोचे चार. शेवटचा दगड ठेवून बाईने हात मागे घेतला आणि ओलोमातांनी पुन्हा एकदा, बोटाने एकेका दगडाला शिवत, मोजले. सतरा.

लोलेला यातलं काहीच माहीत नव्हतं. ही मंडळी माझ्या नावाचे दगड का मोजतात, असं तिने शेजारणीला विचारलं, आणि शेजारीण तिला सांगत असताना सभागृहभर हसू पसरत गेलं. तो आवाज आपला आहे, हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मी इतकी चुरूचुरू कधीच बोलत नव्हते, असं तिचं म्हणणं. खोटं माझं, आवाज दुसरीचा, असं ती म्हणाली, आणि कुणी तिच्याशी वाद घातला नाही.

भांडणाऱ्या दोन्ही कुटुंबांचं काय करायचं हा प्रश्न ओलोमातांनी असा सोडवला: मातांगिआलोफी फालेलुआचा आहे, तो फालेलुआला परत द्यावा, आणि त्याच्यासाठी आणलेल्या चटया आणि तारो दोन्हीकडच्यांनी लोलेला द्यावा, कारण ती जिवंत आहे आणि तिला खाता येतं. एका कुटुंबातला म्हातारा जरा हिरमुसला. होडीसकट हरवलेला तो भाऊ त्याला खरंच सापडल्यासारखा वाटला होता. फुआतिनो त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्या भावाचं खरं नाव विचारून तिने वहीत लिहून घेतलं. फितीत तो कुठे असलाच तर कळवीन, एवढंच ती म्हणू शकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या मागच्या पडवीत, कोको पिता पिता, तिने लोलेला पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी म्हातारीने सगळं खरं सांगितलं: फुलांच्या वासावरून दिवस कसा ओळखायचा, चंद्र किती उरलेला असतो, पाण्याला त्या पहाटे कसा वेगळा वास येतो, पहिली मूठ तोंडात टाकताना काय म्हणायचं. जागा मात्र नाही सांगितली. फुआतिनोनेही विचारली नाही. पडवीच्या कडेला ओलोमाता सहज आल्यासारखे बसलेले होते.

मग नावाची पाळी आली. फुआतिनोने मांडीवर संगणक उघडला आणि कोम्यासकट ता’आफुलिसिआ सेफो लिहिलं. म्हातारीने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. एवढंच का, तिने विचारलं. लोले कुठे आहे? मुलं तर मला लोलेच म्हणतात. आणि नवऱ्याचं नाव? आणि मी ज्या मुलीला वाढवलं तिच्यामुळे मला जे नाव पडलं ते? आणि बापाची पदवी? किती लिहिता येतं यात?

फुआतिनोला नक्की ठाऊक नव्हतं. तिने सेतेफानोला फोन लावला. तो कामावर होता, पण उचलला. लांबीसाठी चार जागा आहेत, तो म्हणाला. त्यांत चारशे कोटींपर्यंतचा आकडा मावतो. तुझ्या बाईला सांग, दम लागेपर्यंत सांगू दे.

तिने ते सांगितलं. लोलेने कोकोचा कप खाली ठेवला आणि सुरुवात केली. मध्ये मध्ये ओलोमाता भर घालत होते: हिच्या आईकडची पदवी राहिली, ती अमुक नावाच्या आधी यायला हवी. दोन शेजारणी आल्या, त्यांनी एक दुरुस्ती केली आणि एक नाव आठवून दिलं जे लोले स्वतः विसरली होती. फुआतिनो लिहीत गेली. प्रत्येक कोमा ती खरा घालत होती. पाऊण तासाने सगळे थांबले तेव्हा नाव पडद्याच्या सात ओळी भरून आठव्या ओळीत गेलं होतं.

तिने ते जतन केलं. मग मुद्दाम फालेलुआची यादी उघडली, तात्पुरती फळी पुसली जाऊ दिली, ती बंद केली आणि परत वाइलुंगाची उघडली. सगळे पडद्याकडे वाकले. म्हातारीने बोट टेकवून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, आपलं नाव मोठ्याने वाचून काढलं.